आईच्या आवाजापुरती जागा

त्या दुपारी रेडिओ केंद्राच्या मशीनरूममध्ये ती गेली ती पुढल्या वर्षासाठी डिस्कवरच्या जागेची आखणी करायला. केंद्राचा सगळा आवाज, बातम्यांपासून मुलाखतींपर्यंत, तिच्या ताब्यात असे आणि त्याची हुबेहूब प्रत पुलापलीकडच्या इमारतीत; रोज सकाळची एक प्रतही तिथे वेगळी ठेवलेली असे. इकडे काही बदललं की तो बदल आधी राखीव जागेत उतरायचा आणि तिथून पलीकडे जायचा. म्हणून डिस्कवरच्या प्रत्येक कप्प्यामागे थोडी जागा रिकामी ठेवावी लागे. ही गोष्ट साहेबांना पटवता पटवता तिच्या नाकी नऊ आले होते. "रिकामी म्हणजे पडूनच ना ती?" असं म्हणत ते त्या जागेवर डोळा ठेवून असायचे.

शेवटी तिनेच तोड काढली होती. जुन्या ध्वनिमुद्रणांचा कप्पा कुलूपबंद होता. तिथे कोणी काही लिहीतच नाही, तर बदल होणार कुठून? त्या कप्प्याची राखीव जागा तिने नखाएवढी ठेवली आणि उरलेली वाटून टाकली. साहेब खूश झाले.

त्याच कप्प्यात तिची आई होती. आई या केंद्रावर दुपारचा कार्यक्रम करायची. शाळा सुटली की ही स्टुडिओबाहेरच्या बाकावर पाय हलवत बसे आणि काचेतून आईचे ओठ बघे. दाढेखाली लवंग, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. शेवटी "नमस्कार" म्हणून आई लाल दिवा विझायची वाट पाहायची आणि मग काचेपलीकडून हिला डोळा मारायची. ते दिवस आठवले की आजही तिला भरून येई. पुढे घशाच्या दुखण्यात आईचा आवाजच गेला. शेवटचं वर्ष ती एक शब्दही बोलली नाही. बोलायचं खूप राहिलंय, हे तिच्या डोळ्यांत दिसायचं.

पडद्यावर नजर गेली आणि ती दचकली. कुलूपबंद कप्प्याची राखीव जागा निम्मी भरली होती.

तिने पलीकडे फोन लावला. तिथे एकटा पैलवान होता; काडीसारखा माणूस, म्हणून हे नाव.

"काय रे, तू काही लिहितोयस का जुन्या कप्प्यात?"

"मी? ताई, मी आत्ता डबा खातोय."

"मग बदल कसले येतायत?"

"एकाच फाईलमधून येतायत. तुमच्या आईंच्या. ती... लांबत चाललीय."

तिने हेडफोन लावला. आईचा ओळखीचा आवाज, आणि शेवटी "नमस्कार". इथे मुद्रण संपायचं. आज संपलं नाही. खुर्ची करकरली. दाढेखाली लवंग फुटल्याचा बारीक आवाज आला.

"दिवा विझला का गं?" आई म्हणाली. "बरं झालं. आता बोलते."

मशीनरूमच्या थंडीतही तिला घाम फुटला. पण भीती कितीशी टिकणार? आईचाच आवाज तो. जेवणाच्या वेळा, धाकट्या भावाचा रुसवा, निळ्या स्वेटरची उसवलेली बाही... साधंसुधंच बोलत होती. बाकावरची मुलगी पुन्हा ऐकत बसली. गालांवरून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचंही तिला सुचलं नाही. तिने मोबाईल हेडफोनला लावून मुद्रण केलं; त्यात नुसती पंख्यांची घरघर आली. फाईलची वेगळी प्रत काढली. ती "नमस्कार"वर संपत होती.

साहेबांचा फोन आला. "अहो, लाल इशारा आलाय. राखीव जागा भरली तर?"

"तर इकडचा कप्पा बिघडेल आणि पलीकडच्या सगळ्या प्रतीही. सगळी जुनी मुद्रणं जातील."

"मग जागा वाढवा."

"कुठून वाढवू? वाटून टाकली ना आपण."

"सकाळची प्रत अजून शाबूत आहे ना पलीकडे? त्यावरून परत आणा. आत्ताच्या आत्ता!"

सकाळच्या प्रतीत हे बोलणं नव्हतं. नेहमीएवढी जागा ठेवली असती तर आईचं बोलून झालं असतं. पण इथे आणखी शेकडो आवाज होते, आणि त्यांचीही कोणी ना कोणी मुलंबाळं असतील. पडद्यावरची राखीव जागेची पट्टी काठोकाठ भरत आली.

"...आणि मुख्य सांगायचं राहिलंच," आई म्हणत होती. "मी गेले ना, त्या दिवशी खोलीत..."

तिने डोळे मिटले आणि कळ दाबली.

कप्पा पूर्ववत झाला. राखीव जागा रिकामी. तिने फाईल पुन्हा लावली. "नमस्कार", आणि शांतता. तिने हेडफोन काढून टेबलावर ठेवला.

पैलवानाचा फोन आला. तो हळू, जवळजवळ कुजबुजत बोलत होता.

"ताई... परत आणून झालं ना?"

"झालं रे."

"मग इकडे कोण बोलतंय? एक बाई आहेत. विचारतायत, मला मधेच का गप्प केलंस..."

ती खुर्चीवरून उठली. ती म्हणाली, "स्पीकर बंद कर. मी येते."

"ताई," पैलवान म्हणाला, "इकडे स्पीकर कधी बसवलेच नाहीत."