हेल्मेटमध्ये पोचलेला ठोका

चंद्रावरच्या चांदवस्तीत एक रीत होती. दूरच्या मोहिमेवर निघालेली माणसं यानाकडे चालत जात, तेव्हा त्यांच्यापैकी कुणाचं तरी मूल इलेक्ट्रॉनिक ड्रम वाजवी आणि त्या ठोक्यावर सगळे पावलं टाकत. बाहेर हवा नाही, त्यामुळे आवाज पसरत नाही. संगीत रेडिओवरून थेट हेल्मेटमध्ये जाई. या वेळी ड्रमवर शाल्मली होती, कारण गुरूकडे सात वर्षांसाठी निघालेल्या नऊ जणांत तिचे बाबा होते.

रंगीत तालमीत नऊ जण नऊ तऱ्हांनी चालले.

"ठोका ऐकू आला ना, बाबा?"

"आला की! झकास वाजवलंस," बाबा म्हणाले. पण त्यांना खोटं बोलायला कधी जमलंच नव्हतं.

शाल्मलीने ड्रमचा आवाज वाढवला. ते पाहून साथीला सिंथ (इलेक्ट्रॉनिक सूरवाद्य) वाजवणाऱ्या दामलेकाकांनी आपला वाढवला, मग हार्मोनियमवाल्या काकूंनीही. निरोप देताना मागे राहायला कोण तयार होतंय! ठोका पुन्हा बुडाला आणि निघायला उरले चार तास. शाल्मलीला रडू फुटलं.

तिच्या आप्पाआजोबांनी मिक्सरसमोर (सगळे आवाज एकत्र करणारं यंत्र) स्टूल ओढलं. त्यांनी जन्मभर हेल्मेटमधली ध्वनियंत्रणा बनवली होती. आज त्यांचा एकुलता एक मुलगा निघाला होता. तो परतेल तेव्हा आप्पा शहाऐंशीचे असतील.

"एवढं मोठ्याने वाजवते, तरी ऐकू का जात नाही?"

"एका पाटावर दोघं बसलायत, दुसरं काय! हा आलेख बघ. प्रत्येक आवाजाची वारंवारता (एका सेकंदातल्या कंपनांची संख्या) असते. तुझा मोठा ड्रम साठच्या आसपास घुमतो आणि दामल्यांचा सिंथही तिथेच. मग एक आवाज दुसऱ्याला झाकतो. याला आच्छादन म्हणतात."

"मग काकांचा आवाज कमी करायचा?"

"सगळा कशाला? तेवढ्या पट्टीपुरता." आप्पांनी इक्वलायझरने (निवडक पट्ट्या कमी-जास्त करणारं साधन) सिंथची तेवढी पट्टी खाली घेतली. ड्रम एकदम मोकळा झाला. दामलेकाका आधी कुरकुरले, पण आपला सूर शाबूत आहे हे ऐकून गप्प बसले.

"आता हेल्मेट घाल."

शाल्मलीने घातलं. घुमारा गायब!

"एवढ्याशा स्पीकरला खालचे आवाज पेलत नाहीत," आप्पा म्हणाले. "त्यात काय पोचतं? कांडी पडतानाचा 'टक्'. तो तीन हजारांच्या आसपास असतो. तिथे हार्मोनियम जरा दाबू आणि 'टक्' थोडा उचलू. शिवाय ठोका पडला की सिंथ सेकंदाच्या दहाव्या हिश्श्यापुरता आपोआप दबेल, अशी जोडणी करू."

शेवटी आप्पांनी सगळाच आवाज अगदी बारीक केला. "मोठ्या आवाजात सगळंच छान वाटतं. बारीक आवाजातही ठोका कळला, तरच काम झालं."

टक्. टक्. ठोका स्पष्ट आला. शाल्मलीने मिक्सरवरच्या आवाजाच्या खुणेकडे पाहिलं, तर तिचा ड्रम तालमीतल्यापेक्षाही हळू होता.

चार वाजता काचेपलीकडे नऊ जण निघाले. तिने ठोका दिला आणि नऊ पावलं एकदम पडली. बाबा रांगेत शेवटी होते. आठ जण आत गेले, बाबा शिडीपाशी पोचले. त्यांनी पाय उचलला आणि शाल्मलीचा हात थांबला.

बाबांचा पाय वरच राहिला. ते थांबले होते, तिच्या ठोक्यासाठी. तिने मनात आणलं असतं, तर आणखी थांबले असते.

"वाजव, बाळ," आप्पा म्हणाले.

तिने वाजवलं. पाऊल शिडीवर पडलं.

दार मिटल्यावर आप्पांनी तिचे डोळे पुसले, मग स्वतःचे. "परत येतील तेव्हाही तूच वाजवायचंस," ते म्हणाले. "मिक्सरवर मी बसेन."