यादवची अक्षरं

दार लोटून घ्या आणि बसा. संतोषला तुम्ही ओळखता, कॅनडा कॉर्नरजवळ कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं त्याचं. हे त्यानं मला स्वतः सांगितलं, आणि तो उगाच काही सांगणारा माणूस नाही.

२००८ साल. सर्वपित्रीच्या आदला दिवस, रविवार. ऊन उतरल्यावर संतोष मखमलाबादला निघाला. काम साधं होतं. तिथं यादव म्हणून एक जण लग्नपत्रिका तयार करायचा. घरची फुलशेती भावांवर सोडून त्यानं स्वतःच्या हातानं मराठी अक्षरं काढली आणि कॉम्प्युटरमध्ये बसवली. कुंदन नावाच्या मित्राबरोबर पंचवटीत दुकान टाकलं. त्या वळणदार अक्षरांसाठी लोक इगतपुरीहून पत्रिका करायला यायचे. त्या उन्हाळ्यात यादव काविळीनं गेला.

त्याचा जुना कॉम्प्युटर घरीच होता, आणि ती अक्षरं नव्या कॉम्प्युटरवर चालत नव्हती. कुंदन आणि संतोष शाळेपासूनचे दोस्त. कुंदन म्हणाला, "जुना कॉम्प्युटर अख्खा तुझ्या लॅपटॉपमध्ये उतरव." असं करता येतं. जुन्याची हार्ड डिस्क जशीच्या तशी उचलायची, मग लॅपटॉपच्या पडद्यावर एका चौकटीत तोच जुना कॉम्प्युटर चालू होतो. व्हर्च्युअल मशीन म्हणतात त्याला.

"उतरवून झालं की जुनी डिस्क पुसून टाक," कुंदन म्हणाला. "वहिनींशी बोललोय मी. त्यांना ते डोळ्यांसमोर नकोय."

वहिनी म्हणजे यादवची बायको, प्रतिभा. तिनं मॉनिटरवरचं फडकं काढलं, संतोषला चहा दिला. "कुंदनभाऊ म्हणले होते तुम्ही येणार म्हणून. चालू द्या तुमचं." एवढं बोलून ती स्वयंपाकघरात गेली.

डिस्क उतरायला वेळ लागला. बाहेर अंधार पडला. शेवटी लॅपटॉपवर चौकट उघडली, आणि आत यादवचा कॉम्प्युटर सुरू झाला. तीच मांडणी, तीच अक्षरं. संतोष खूश झाला. मग सांगितल्याप्रमाणे त्यानं जुनी डिस्क पुसली. सगळ्या वायरी काढल्या. जुन्या कीबोर्डची वायर त्याच्याभोवतीच गुंडाळली आणि तो टेबलाच्या कडेला ठेवला.

साडेआठला लाइट गेली. तेव्हा लोडशेडिंग रोजचंच होतं. लॅपटॉप बॅटरीवर चालू राहिला. खोलीत तेवढाच उजेड.

टक.

संतोषला वाटलं, पाल असेल.

टक... टक.

त्यानं वळून पाहिलं. जुन्या कीबोर्डचं एक बटण खाली गेलं, वर आलं. मग दुसरं. वायर तशीच गुंडाळलेली. आणि इकडे लॅपटॉपवर, चौकटीत... एकेक अक्षर उमटत होतं.

काय रे, व्हायरस म्हणतोस? त्यानंही आधी तेच धरलं. चौकट बंद करायला गेला. होईना. लॅपटॉपचं बटण दाबून धरलं. काही नाही.

टक. टक. टक...

सावकाश. विचार करून लिहिल्यासारखं. चौकटीत ओळ पुरी झाली:

प्रतिभाला विचारलं?

संतोषचे हात मांडीवर होते. उचलता येईनात.

थांबलं. मग खाली पुन्हा तेच.

प्रतिभाला विचारलं?

...

मागून उजेड आला. प्रतिभा कंदील घेऊन दारात उभी होती. तिनं पडदा वाचला.

"ह्यांचं अक्षर हाय," ती हळूच म्हणाली. "काय विचारायचं होतं मला?"

संतोषनं खरं ते सांगितलं.

"पुसलं? सगळं?"

"कुंदन म्हणाला, तुम्हीच सांगितलंय."

"मला कुंदनभाऊ म्हणले, कॉम्प्युटर दुरुस्त करून देतो. दिवाळीनंतर मला शिकवणार होते. दुकान दोघं मिळून चालवू म्हणले." ती खाली बसली. "भाऊबीजेला ओवाळते मी त्यांना."

संतोषनं कुंदनला फोन लावला. स्पीकर चालू केला.

"झालं का?" कुंदन घाईत होता. "लॅपटॉप घेऊन लगेच ये. अक्षरं विकत घ्यायला मनमाडचे छापखानावाले येऊन बसलेत. ती माझीच म्हणून सांगितलंय, तू मध्ये काही बोलू नको."

"वहिनींना माहितीये ना हे?"

"तिला काय कळतंय त्यातलं."

प्रतिभानं हात पुढं करून फोन बंद केला. चौकटीतल्या दोन्ही ओळी शेवटाकडून पुसल्या जाऊ लागल्या. एकेक अक्षर. मग काहीच नाही... नुसती रेघ लुकलुकत राहिली.

संतोष लॅपटॉप तिथंच ठेवून निघाला. दुसऱ्या दिवशी कुंदन आला, तर प्रतिभानं त्याला उंबऱ्याच्या आत घेतलं नाही. त्यानं बाहेरूनच पुष्कळ समजावलं, मग आवाज चढवला. शेवटी निघून गेला. मनमाडचा सौदा फिसकटला. संतोष पुढं कित्येक रविवार मखमलाबादला जाऊन प्रतिभाला शिकवत होता. कुंदनशी तो परत बोलला नाही. मला म्हणाला, "काका, त्यानं यादवला फसवलं ते फसवलंच. पण ते माझ्या हातून करून घेतलं."

प्रतिभा घरीच लग्नपत्रिका तयार करायला लागली. काम छान चाललं.

तीन वर्षांनी आपल्या वाळूनानांच्या मुलाची पत्रिका तिच्याकडे गेली. मुलाचं नाव कुंदन. तिनं टाइप केलं, तर जागा कोरी. पुन्हा केलं, पुन्हा कोरी. संतोषला बोलावलं. त्यानं सगळं तपासलं. चंदन उमटायचं. नंदन उमटायचं. कुंदा, कुंती, सगळं व्यवस्थित. कुंदन म्हटलं की तेवढी जागा सुटायची. का, ते त्यालाही सापडलं नाही.

मग पत्रिका तशाच छापल्या, आणि प्रतिभानं प्रत्येकीवर नवरदेवाचं नाव पेनानं लिहिलं.

एक आपल्याकडे आली होती. कपाटात आहे. सकाळी बघा.