न चाखता लावलेलं बोट

प्रणित रोह्याकडे गेला तो एका सहीसाठी. कॉलेजच्या वहीवर कंपनीची सही आणि शिक्का, बस्स, एवढंच काम.

हा प्रणित धरमतरच्या खाडीकाठचा. बाप जेटीवर बार्ज रिकामे करायच्या कामाला. आई शाळेची पायरी चढलेली नाही, पण पोराचा पदवीचा फोटो भिंतीवर लागलाच पाहिजे हा तिचा हट्ट. पोरगा पेणच्या कॉलेजात बीबीएच्या शेवटच्या वर्षाला होता. तुम्हा पोरांना माहीतच आहे, हल्ली नुसते पेपर लिहून भागत नाही. एखाद्या धंद्यात जाऊन एकशेवीस तास काम करायचं, वहीत रोजची नोंद करायची, खाली मालकाची सही आणायची, मग चार क्रेडिट. नाहीतर निकाल अडकला. त्या वर्षी मी त्याच कॉलेजच्या ऑफिसात होतो, रिटायर व्हायला तीन महिने उरलेले. सगळ्या वह्या माझ्याच टेबलावर यायच्या, म्हणून मला ठाऊक. ऋत्विक, हसू नकोस. तुझी वही अजून कोरी आहे हे तुझ्या आईनं मला रामवाडीच्या नाक्यावर सांगितलंय.

मोठ्या कंपन्यांत शिरायला ओळख लागते. ती याच्याकडे नव्हती. शेवटी रोह्याच्या अलीकडे, हमरस्त्यापासून आत, एक लोणच्याचा कारखाना मिळाला. पाटी काय, तर 'शुद्धचव गृहोद्योग'. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. मालक बाळशेठ. कपाळाला गंध, बोलणं साखर पेरलेलं. पहिल्याच दिवशी म्हणाला, "बाळा, तुला आम्ही व्यवस्थापन शिकवू. सहीची काळजी करू नकोस."

वहीत प्रोजेक्टचं नाव लिहिलं 'परत आलेल्या मालाचं व्यवस्थापन'. ते म्हणजे काय, तर दुकानांतून तारीख उलटून परत आलेली लोणच्याची पाकिटं. फुगलेली, टम्म. सुरीचं टोक लावलं की फस्स करून वास अंगावर यायचा. आतला ऐवज मोठ्या निळ्या पिंपात ओतायचा. वर पांढरी साय धरली असेल, तर ती झाऱ्यानं काढून टाकायची. सायीखाली अळ्या असतील, तर त्याही. मग नवा मसाला, वरून कढत तेल. झालं ताजं लोणचं!

पोरगा खाडीकाठचा, सडक्या मासळीला नाक मुरडणारा नव्हे. तो मला म्हणाला, "सर, कुजलेली मासळी कुजलीय म्हणून लांबून सांगते तरी. ही घाण मोहरीची डाळ लावून गोड बोलते." घरी गेल्यावर त्याला भात जाईना. बोटांना वास यायचा. साबण झाला, लिंबू झालं, रॉकेल झालं. शेवटी चमच्यानं जेवायला लागला, तर आईला वाटलं पोरगा साहेब झाला.

"माज्या हातच्या कालवनाला हात लावायची लाज वाटतं व्हय रं?" ती म्हणाली.

"नाय गो आये. हात खराब हायत."

आणि किळस मालाची कमी, त्या माणसाची जास्त. देवाला हार घालून हा मनुष्य लोकांच्या पोरांच्या ताटात अळ्या वाढत होता, आणि स्वतःच्या घरी लोणचं बाजारचं खात नव्हता. तुम्ही विचाराल, मग प्रणितनं काम सोडलं का नाही? एकशेबारा तास भरले होते. अडला हरी गाढवाचे पाय धरी. आठ तास राहिले होते, मुलांनो. आठ.

आता त्या कारखान्याची एक रीत सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. तिथं गोदूबाई नावाची एक म्हातारी होती. बावीस वर्षं तिचं काम एकच, चाखणं. पिंप भरून झालं की गोदूबाई लाकडी डावानं एक फोड काढायची, तोंडात टाकायची, डोळे मिटून उभी राहायची. पटलं तर पिंपाच्या तोंडाला दादरा, म्हणजे कापड बांधायचं आणि त्यावर तेलात कालवलेल्या हळदीचं बोट उमटवायचं. त्या बोटाशिवाय कामाच्या बायका पिंपाला हात लावत नसत. ही काही कंपनीची शिस्त नव्हे. आपल्याकडे बायकांचा असा शब्द असतो, तो मोडत नाही.

परत आलेला माल पहिल्यांदा पिंपात गेला तेव्हा गोदूबाईनं एक फोड चाखली आणि थुंकली. बोट लावीना. बाळशेठ म्हणाला, उद्यापासून येऊ नका. गेली बिचारी. त्याच दिवाळीच्या आत वारली. तिच्यामागून शेठनं दोघीतिघींना बोट लावायला बसवलं, त्याही टिकल्या नाहीत.

प्रणितनं तिला कधी पाहिलेलं नव्हतं. बायकांकडून ऐकलं होतं, तेवढंच.

तारीख सांगतो. अठ्ठावीस मार्च दोन हजार पंचवीस, शुक्रवार. अमावास्या दुसऱ्या दिवशी, शनिवारी होती. गोष्टीला शोभेल म्हणून तिला एक दिवस अलीकडे ओढणारा मी नव्हे. रविवारी गुढीपाडवा, म्हणून शनिवारी सकाळी बरण्या भरून माल बाहेर पडायचा होता. अकरा पिंपं तयार. बोट एकावरही नाही.

बायका घरी गेल्यावर बाळशेठनं प्रणितला बोलावलं. "आज रात्री थांब. तुझे आठ तास भरतील, सकाळी सही घेऊन जा. मी बायकांना सांगितलंय, चाखायला आता आमचा कॉलेजचा मुलगा आहे. तू फक्त दादरे बांध आणि हळदीचं बोट लाव."

"शेठ, चाखू कसं ते?"

"चाखायला कोण सांगतंय तुला? बोट लाव. कोण बघतंय!"

शेठ गाडीत बसून गेला. प्रणितनं आतून शटर ओढलं, मागच्या दाराला कडी घातली. दादरे बांधले. हळदीत बोट बुडवलं आणि एक, दोन, तीन करत अकरा बोटं उमटवली. पाच मिनिटांचं काम. मग पुढच्या खोलीत, टेबलावर डोकं ठेवून पडला. आईला बोलून मेसेज टाकला, उद्या सही मिळते.

दोन वाजून दहा मिनिटांनी त्याला जाग आली. मोबाईल हातातच होता, म्हणून वेळ पक्की.

आतून आवाज येत होता. टक... टक. लाकूड पिंपाच्या काठावर आपटल्याचा.

त्याला वाटलं उंदीर. मग वाटलं, पाडव्याची घाई, शेठनं एखादी बाई लवकर बोलावली असेल. उठला, आत गेला. एकच बल्ब चालू होता. पहिल्या पिंपाशी एक म्हातारी पाठमोरी उभी. काष्ट्याचं लुगडं, ओणवी. दादरा बाजूला सारून डाव आत घातलेला.

"आजी, कधी आलात?" त्यानं विचारलं.

म्हातारी तोंडात काहीतरी चघळत होती. चप्... चप्. गिळलं. पुन्हा डाव आत.

आणि तेव्हा प्रणितच्या लक्षात आलं... शटर आतून बंद आहे. मागच्या दारालाही कडी आहे.

"हे बोट कुनाचं?" म्हातारीनं न वळताच विचारलं.

"माझं," प्रणित म्हणाला कसाबसा.

"चाखलंस?"

प्रणितनं हळदीचं बोट पाठीमागे लपवलं.

"नाय चाखलंस." तिनं दुसरी फोड तोंडात टाकली. तिला ओकारी आली. खांदे हलले. तरी गिळली. "ही खूण माजी हाय, पोरा. बावीस वर्सांची. कुनी बी लावली... तरी घास माज्याच तोंडात येतो."

"आजी, मला ठाऊक नव्हतं..."

"अकरा पिंपं. कवा संपायची?"

आणि ती वळली.

मुलांनो, चेहरा साधा होता. कुठल्याही आजीचा असतो तसा. पण ओठ मिटत नव्हते. तोंड भरलेलं होतं. जिभेवर पांढरी साय... तीच, पिंपावरची. आणि त्या सायीखाली काहीतरी वळवळत होतं.

तिच्या डोळ्यांत पाणी होतं. हेच तो पुनःपुन्हा सांगायचा. ती घाबरवायला आली नव्हती. तिला नको झालं होतं.

तिनं डाव पुढे केला. डावात एक फोड.

"येक तरी... तू घे."

पळावं असं वाटलं. हात मात्र पुढे गेला. त्यानं फोड उचलली. थंडगार, बुळबुळीत. तोंडात टाकली.

आधी मोहरी लागली. मग तेल.

मग आतलं...

तो तिथेच गुडघ्यांवर बसला. पोटातलं सगळं पडलं. पित्त पडलं. पुन्हा उमाळा. डोळे पुसून वर पाहिलं.

कोणी नाही.

डाव पिंपावर आडवा. ओला.

त्यानं मागे पाहिलं नाही. एकेक दादरा सोडला. अकराही सोडले. आपल्या बोटांचे ठसे असलेली ती फडकी गोळा केली, मागच्या दाराची कडी काढून अंगणात नेऊन पेटवली. तेलकट कापडं, भडकन जळाली. मग उजाडेपर्यंत पायरीवर बसून राहिला.

सहाला बाळशेठ आला. हातात वही, सही तयार, शिक्का मारलेला. आत गेला आणि तसाच बाहेर आला.

"दादरे कुठे आहेत?"

"जाळले."

"डोकं फिरलं का तुझं? बायका येतील आता!"

"शेठ, मी चाखलं," प्रणित म्हणाला. "हा माल मानसानं खायचा नाय. मी बोट लावनार नाय."

बाळशेठची साखर विरघळली. त्यानं सहीचं पान वहीतून फाडलं, चुरगाळून खिशात घातलं. "मग बस वर्षभर घरी. आणि आईला सांग, लेकरानं क्रेडिट जाळून खाल्ले."

प्रणितनं उरलेली वही उचलली आणि चालत रस्त्याला लागला. बायका फाट्यावर भेटल्या, त्यांना त्यानं सगळं सांगितलं. दोघी तिथूनच माघारी फिरल्या. बाकीच्या गेल्या, कारण पोट कुणाला सुटलंय. शेठनं नवे दादरे बांधून स्वतःच्या हातानं अकरा बोटं लावली होती. बरण्या भरल्या, सील झाल्या, टेम्पो गेला.

मंगळवारी पोरगा माझ्या टेबलाशी आला. मी वही उघडली, सहीचं पान नाही. त्यानं सगळं सांगितलं. मी त्याला काय म्हणालो, ठाऊक आहे? म्हणालो, "अरे, आधी सही खिशात घालायची होतीस. मग काय ते बोलायचंस." पस्तीस वर्षं कागद सांभाळून माझ्या तोंडून हे निघालं. किळस कुणाची यावी याला काही नेम नसतो; त्या दिवशी मला माझीच आली. तो वही घेऊन गेला. त्याचा निकाल राहिला. पुढच्या सत्रात पेणच्याच एका गणपतीच्या कारखान्यात माती मळत, ऑर्डरी लिहीत त्यानं एकशेवीस तास पुन्हा काढले. फोटो भिंतीवर लागला, पण वर्षभर उशिरा.

पाडव्यानंतर चार दिवसांनी आमच्या ओळखीच्या वाण्यानं मला हाक मारली. 'शुद्धचव'चा खोका त्यानं नुकताच फोडला होता. बारा बरण्या. सील शाबूत, झाकण घट्ट. आणि प्रत्येक बरणीत काचेला लागून असलेली एक फोड... उष्टी. दातांची ताजी खूण. वाणी म्हणाला, "साहेब, असं कसं हो?" सगळ्या दुकानांतून तेच. सगळा माल परत गेला. शेठ आधी म्हणाला उंदीर, मग म्हणाला बायका. आता तिथं कुलूप आहे.

त्यातली एक बरणी मी मागून घेतली. का घेतली, विचारू नका. आमच्या माळ्यावर आहे. उघडलेली नाही. माझ्याशिवाय कुणी हातसुद्धा लावलेला नाही.

आणली तेव्हा आत एकच फोड उष्टी होती.

काल रात्री दिव्यासमोर धरून पाहिली...

नऊ.