पट्टीपर्यंतचं पाणी

हातातला चहा संपेपर्यंत जगात कुठेही गुन्हा झालेला कुंडलिकराव खोपड्यांना मान्य नसे. त्यामुळे नसरापूरच्या बाजारातल्या त्या माडीवरच्या कचेरीत, बाह्या कोपरापर्यंत भिजलेली एक मुलगी धापा टाकत शिरली, तेव्हा त्यांनी तिला खुर्ची दाखवली आणि आधी आपली बशी संपवली.

उभी हयात एसटी हाकून निवृत्त झालेले कुंडलिकराव आता माधुरी शिळीमकरांची गाडी हाकत. माधुरीताई खासगी तपासाचं काम करायच्या. त्यांनी विचार करायचा आणि कुंडलिकरावांनी गाडी चालवायची, अशी वाटणी होती. आपलंच काम जास्त अवघड, अशी दोघांचीही खात्री होती.

"मी स्नेहल साळवे. आंबवड्याची," मुलगी म्हणाली. "माझा दगड चोरीला गेलाय."

"दगुड?" कुंडलिकरावांनी बशी खाली ठेवली. "अगं पोरी, भोर-वेल्ह्यात दगडाला काय तोटा हाय व्हय?"

"काका, त्या दगडावर कालवं आहेत. जिवंत. समुद्रातली, शिंपल्यात राहणारी."

माधुरीताईंनी तिला पाणी दिलं. "सावकाश सांग."

स्नेहलने सांगितलं. किनाऱ्यावरच्या जीवांचा अभ्यास करणारी वीसेक मंडळी उत्रोलीजवळच्या एका सभागृहात जमली होती. काही वरंध घाट चढून कोकणातून आलेली, काही पुण्याहून. भोर दोघांनाही निम्म्या वाटेवर. आज दुपारी पोफळसांडे नावाची खाडी राखावी, असा ठराव व्हायचा होता. खाडीच्या तोंडाशी बोटींसाठी मोठा धक्का बांधायचं घाटत होतं. काही वर्षांपूर्वी डॉ. इंद्रजित धामणकरांनी पाहणी करून लिहिलं होतं, की तिथली कालवं मेलीत, नुसते शिंपले उरलेत. धक्का व्हायला हरकत नाही.

"आणि तुझं म्हणणं, ती जिवंत आहेत."

"पुन्हा धरलीत, ताई. सरांनी तेव्हा पाहणी केलेल्या दगडांवर पिवळ्या रंगात आकडे टाकले होते. त्यातलाच एक दगड मी आणला. आकडा सरांचा, आणि त्याच्या भोवती जिवंत कालवं. फोटो दाखवले तर म्हणतील, कुठल्याही खाडीचे असतील. दगडाला तसं म्हणता येत नाही." तिने पेला खाली ठेवला. "दुपारपर्यंत तो मिळाला नाही, तर ठराव पडेल. मग ती खाडी गेली."

कुंडलिकरावांनी गाडीची किल्ली उचलली. मनातल्या मनात त्यांनी धामणकरांना बेड्याही घालून टाकल्या होत्या.

*

सभागृहाच्या चारी बाजूंनी भाताची खाचरं होती आणि दारावर निळ्या लाटांचा फलक. समुद्राची एवढी चर्चा समुद्रापासून इतक्या लांब चाललेली बघून कुंडलिकरावांना गंमत वाटली. मंडळी अंगणात घोळक्याने उभी होती. रात्री बहुतेक सगळे भोरच्या लॉजवर गेले होते. इमारतीत झोपले होते चौघेच: स्नेहल, डॉ. धामणकर, कोकणातल्या एका संशोधन केंद्रातली माया तांडेल आणि इमारत सांभाळणारा धनाजी. फाटकाला आतून कुलूप होतं आणि ते सकाळी जसंच्या तसं होतं.

मागच्या खोलीत टेबलावर काचेची टाकी होती. तळाशी वाळू, कोपऱ्यात हवेचा पंप बुडबुडे सोडत होता. पाणी काचेवर चिकटवलेल्या काळ्या पट्टीला बरोबर टेकलं होतं. मधली जागा रिकामी होती.

"केवढा होता दगड?" माधुरीताईंनी विचारलं.

"चांगल्या कलिंगडाएवढा. त्यावरचं एक पिल्लू तेवढं गळून पडलंय. ते बघा, पंपाच्या नळीपाशी."

वाळूवर नखाएवढं कालव पडलं होतं, शिंपले घट्ट मिटून.

"काल उघडलेलं होतं," स्नेहल म्हणाली. "घाबरलंय की मेलंय, कळत नाही."

"नळी रोज इथेच असते?"

"नाही, पलीकडच्या कोपऱ्यात. घाईत चोराचा धक्का लागला असेल."

"तू टाकीला हात लावलास?"

"दगड वाळूत कुठे दबला असेल म्हणून चाचपून पाहिलं. दुसरं काही नाही."

"आणि काल रात्री पाणी कुठपर्यंत होतं?"

"पट्टीपर्यंत. पट्टी त्यासाठीच असते."

टेबलाखाली प्लास्टिकचा मोठा कॅन होता. झाकणावर चिकटपट्टी गुंडाळलेली, न उसवलेली.

"यात काय?"

"खाडीचंच पाणी. लागलं तर असावं म्हणून आणलं. उघडायची वेळच आली नाही."

माधुरीताईंनी टाकीत बोटाचं टोक बुडवून जिभेला लावलं. कुंडलिकरावांनी तोंड वाकडं केलं. ताईंनी बोट रुमालाला पुसलं.

*

डॉ. धामणकर उंच, शिडशिडीत, बोलायला फटकळ.

"सगळे माझ्याकडेच बघताहेत. बघू देत. अहवाल खोटा ठरला तर मला आवडणार नाही, हे मी लपवत नाही. पण चोरी करायला मी काय शाळकरी पोर आहे?"

"रात्री या खोलीत आला होता?"

"झोपण्यापूर्वी डोकावलो. माझा आकडा बघायचा होता. अंधारात नीट दिसला नाही."

"टाकी हाताळलीत?"

"मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. मी ड्रोन उडवतो, नकाशे करतो. नातवासाठी एकदा मासा आणला होता, तो आठवडाभरही जगला नाही."

बाहेर आल्यावर कुंडलिकराव कुजबुजले, "ताई, ह्योच. मोप कबूल करतोय, म्हंजी मोटं लपिवतोय."

"असेल. धनाजीला बोलवा."

धनाजी वेल्ह्याकडचा, कपाळाला कायम आठ्या.

"म्या कशाला न्हेऊ त्यो घाण दगुड? वासानं डोकं उठलं हुतं, खोटं कशाला बोलू. पर पाव्हण्यांच्या वस्तूला हात लावायचा न्हाई, ह्यो आपला धर्म. उलटं ह्या लोकांनीच मला ताप दिला. वट्यावरचं पिण्याच्या पाण्याचं ल्हान पिंप म्या रातच्याला गच्च भरल्यालं. सकाळी बगतोय, तर निम्म्याच्या खाली. रातभर पाणीच पीत हुते जणू."

"आणखी काही इकडचं तिकडं?"

"न्हाई बा."

कुंडलिकराव तोवर स्वयंपाकघराच्या मागे चक्कर मारून आले होते. तपासापेक्षा त्यांचं लक्ष शिजणाऱ्या भाताच्या वासाकडे जास्त होतं.

"अरं धनाजी, मागल्या पडवीत तांदळाची पोती ठेवलीस, त्यातलं खालचं वलं गच्च हाय की. इंद्रायणीचा भुगा व्हईल लेका."

"ती रिकामी पोती हायती, तात्या. तांदूळ आत कोठीत हाय."

"मग ठीक," म्हणून कुंडलिकरावांनी विषय सोडला. माधुरीताईंनी मात्र मान वळवून एकदा पडवीकडे पाहिलं.

माया तांडेल ओट्यावर बसली होती. तिशीची, उन्हाने रापलेली, शांत. स्नेहलची कॉलेजपासूनची मैत्रीण.

"तुमच्याकडेही टाक्या असतात?" माधुरीताईंनी तिच्याशेजारी बैठक मारली.

"खोलीभर. कालवांची पिल्लं वाढवतो आम्ही. सकाळी उठलं की आधी सगळ्या टाक्या पट्टीपर्यंत भरायच्या, चहा त्यानंतर."

"समुद्राचं पाणी आणून?"

"नाही हो, साधं गोडं पाणी. पाण्याची वाफ होते, मीठ खालीच राहतं. त्यात पुन्हा खारं घातलं तर खारटपणा वाढत जातो." ती हसली. "आता हाताला इतकी सवय झालीये, की घरचा माठसुद्धा अर्धा दिसला की हात तांब्याकडे जातो."

"कालव पाण्याबाहेर किती तग धरतं?"

"शिंपला मिटून घेतं. ओल आणि सावली मिळाली तर दोन-तीन दिवस सहज."

"तुम्हाला लहानपणापासून माहिती दिसते."

"आई काढायची ना. ओहोटीला सगळ्या बायका खाडीत. एवढंसं पिल्लू मात्र कधी उचलायच्या नाहीत, ते पुढच्या वर्षाचं." मायाने समोरच्या खाचरांकडे पाहिलं. "आता मोठंही उचलत नाहीत. आमच्या खाडीला फलक लागला, संरक्षित म्हणून. आत पाऊल टाकायला बंदी."

"आई काय करते आता?"

"दुसऱ्याच्या आंबेबागेत राखणीला जाते," माया म्हणाली आणि उठून आत गेली.

कुंडलिकरावांना वाईट वाटलं. त्यांचा जीव असा कुणाच्याही आईसाठी चटकन हळहळायचा. पण तपासाशी याचा काय संबंध, ते त्यांना उमगलं नाही.

*

जेवणाआधी माधुरीताईंनी चौघांना मागच्या खोलीत बोलावलं. दार लोटून घेतलं.

"स्नेहल, खारटपणा मोजायचं काही आहे तुझ्याकडे?"

स्नेहलने छोट्या दुर्बिणीसारखं यंत्र काढलं. त्याच्या काचेवर थेंब टाकून डोळ्याला लावायचं.

"आधी कॅनमधलं पाणी बघ. मग टाकीतलं."

स्नेहलने पाहिलं. पुन्हा पाहिलं. यंत्र पुसून तिसऱ्यांदा पाहिलं. "टाकीतलं बरंच गोडं झालंय. कसं शक्य आहे?"

"म्हणून ते पिल्लू मिटलंय. मेलेलं नाही," माधुरीताई म्हणाल्या. "कुंडलिककाका, भरल्या बादलीतून कलिंगडाएवढा दगड काढला, तर पाण्याचं काय होतं?"

"खाली जातंय की. त्यात काय इचारायचं?"

"मग या टाकीतलं पाणी काल दगड असताना पट्टीला होतं, आणि आज दगड नसतानाही पट्टीलाच आहे. का?"

कुंडलिकराव टाकीकडे बघतच राहिले. सकाळपासून ती पट्टी त्यांच्या डोळ्यांसमोर होती.

"दगड नेणाऱ्याने टाकी पुन्हा भरली. ज्याला दगड नुसता नाहीसा करायचाय, त्याला पाण्याशी काय घेणं? धनाजी दगड उचलून बांधावर भिरकावेल. डॉक्टरांना टाकीतलं कळत नाही आणि पट्टीचंही नाही. पण ज्याचा दिवसच टाक्या भरण्याने सुरू होतो, त्याला पाणी पट्टीच्या खाली बघवत नाही. डोक्यात काही का चालेना, हात भांडं शोधतो. आणि गोडंच पाणी घेतो, कारण रोज तेच घालायचं असतं. धनाजीचं पिंप म्हणून उतरलं. पण या वेळी वाफ झाली नव्हती. दगडाची जागा भरायची होती, आणि त्याला खारंच पाणी हवं होतं. कॅन पायाशीच होता."

पंप बुडबुडत होता.

"स्नेहललाही ही सवय असणार," धामणकर म्हणाले.

"असणार. पण तिला आज दगड हवाच होता. नसलेल्या दगडाचा तिला काय उपयोग? आणि एक गोष्ट. हवेची नळी तिच्या कोपऱ्यातून काढून या पिल्लाजवळ ठेवलीये. स्नेहलला वाटलं, चोराचा धक्का लागला. मला वाटतं, चोराला त्याची काळजी होती. दगडही ओल्या सावलीत ठेवला असणार. काका, ते ओलं पोतं घेऊन येता?"

कुंडलिकराव गेले. खाली उकिडवे बसून त्यांनी पोत्यांच्या थप्पीखालचं ते भिजकं ओझं ओढलं, आणि आपण सकाळी यालाच नावं ठेवून निघून गेलो होतो हे आठवून स्वतःला एक शिवी हासडली. पोत्यात दगड होता. त्यावर पिवळा आकडा, आणि भोवती करकचून मिटलेली कालवं.

ते परत आले तेव्हा माया भिंतीला टेकून उभी होती.

"आज रात्री मी तो खाडीत परत सोडणार होते," ती म्हणाली. "मेला नसता."

"पण का?" स्नेहलचा चेहरा पडला होता. "तू? धक्का व्हायला हवाय तुला?"

"नकोय. पण ठराव झाला की फलक लागेल, स्नेहल. आमच्याकडे लागला तसा. धक्का आला तर कालवं जातील, फलक आला तर बायका. मला दोन्ही नको होतं. आणि आजचा दिवस ढकलला, तर विचार करायला वेळ मिळेल असं वाटलं."

"मला सांगायचं होतंस."

"तुझा चेहरा इतका उजळला होता काल. सांगवलं नाही."

स्नेहलच्या डोळ्यांत पाणी आलं. तिला राग आला होता, आणि मैत्रिणीची दयाही येत होती, आणि दोन्ही लपवायला तिला जमत नव्हतं. "ती कालवं पुन्हा कशी धरली, हेच मी दुपारी सांगणार होते," ती म्हणाली. "पोफळसांड्याच्या बायका पिल्लं सोडून देतात म्हणून. त्या नसत्या तर हा दगड मोकळाच राहिला असता. तू माझं भाषण तरी आधी ऐकायचंस गं."

माया खाली बसली.

माधुरीताईंनी धामणकरांकडे पाहिलं. "पोलिसांत जायचं का, ते तुम्ही मंडळींनी ठरवायचं."

धामणकरांनी वाकून दगडावरचा आकडा बघितला. बोटाने त्याची कड चाचपली. "अक्षर माझंच आहे," ते म्हणाले. "आणि कसले पोलीस? दगड इथे आहे. ठराव मी मांडतो. माझा अहवाल आता लागू नाही, हे पहिलं वाक्य. कालवं काढणाऱ्या बायकांना तिथून कुणी हटवायचं नाही, हे दुसरं. ते वाक्य या तांडेलबाईंनी लिहायचं. आणि दगड कुठे होता, हेही सभेपुढे त्यांनीच सांगायचं."

"सांगेन," माया म्हणाली.

सगळ्यांनी मिळून टाकीतलं निम्मं पाणी काढलं आणि दगड आत ठेवला. स्नेहलने कॅनचं झाकण काढलं, पण कॅन स्वतः उचलला नाही. तो तिने मायापुढे सरकवला.

मायाने तो उचलून ओतला, अगदी सावकाश. पाणी काळ्या पट्टीला टेकलं, तशी ती थांबली.

धनाजी तोवर पानं मांडायला गेला होता; बाहेरून त्याने जेवणासाठी दोनदा हाक मारली. भाताचा वास खोलीभर पसरला होता, तरी कुंडलिकराव जागचे हलले नाहीत. बराच वेळ काही झालं नाही. मग पिवळ्या आकड्याच्या पोटातलं एक कालव केसभर उघडलं, त्याच्या शेजारचंही उघडलं.

"जेवायचं थांबू दे जरा," कुंडलिकराव धनाजीला ओरडून म्हणाले. "हितं अजून समदी जागी व्हायची हायती."