सर्व सुखरूप

दहावी ‘ब’मध्ये चालू घडामोडींचा तास सुरू झाला की मुलं चष्मे चढवत. चष्म्याच्या काडीतली यंत्रणा कानशिलाजवळची नाडी जोखायची आणि ज्याला जेवढी झेपेल तेवढीच बातमी त्याला दाखवायची. तिला ‘सौम्यक’ म्हणत. तासाला रोज छोटी चाचणी असे, आणि ज्याला जे दाखवलं त्यावरूनच त्याचं उत्तर तपासलं जाई. युद्धं, पूर, उपासमार बघून मुलांची झोप उडते, ही तक्रार पालकांचीच होती. सौम्यक आल्यापासून रत्नागिरीच्या त्या शाळेत या तासाला कुणी रडलं नव्हतं.

त्या दिवशी विषय होता सागरी व्यापार. हेमांगी तोरस्करबाईंच्या टेबलावरच्या पडद्यावर मूळ बातमी उमटली. आखाताच्या तोंडाशी ‘सी हेरॉन’ या मालवाहू जहाजावर ड्रोनहल्ला झाला होता. इंजिनरूममधलं कुणीच वाचलं नव्हतं.

बाईंनी चटकन पहिल्या बाकाकडे पाहिलं. इफ्फत मुकादमचे वडील त्याच जहाजावर इंजिनीअर होते.

इफ्फतचा हात वर होता. “बाई, हे माझ्या अब्बांचं जहाज! हल्ला झाला, थोडं नुकसान झालं, पण सर्व खलाशी सुखरूप आहेत.”

फळ्यावर हिरवी खूण उजळली: उत्तर बरोबर.

मागच्या बाकावर ओजस केळसकरने चष्मा उतरवला. “पण बाई, मला तर इंजिनरूममधलं कुणीच...” बाईंनी नकारार्थी मान हलवून त्याला थांबवलं. आणखी दोघांनी चष्मे काढले. कुणी इफ्फतकडे बघेना.

बाईंनी दाराबाहेर येऊन मुख्याध्यापकांना फोन लावला.

“तास संपू द्या,” ते म्हणाले. “घरचे सांगतील. वर्गात तिला त्रास होऊ नये, म्हणून तर ही सोय केली आहे.”

“सर, सगळ्या वर्गाला कळलंय. फक्त तिलाच कळलेलं नाही.”

“नियम तुम्हाला माहीत आहे.”

बाईंनी फोन ठेवला आणि इफ्फतला बाहेर बोलावलं. “चष्मा काढ, बाळा.”

“बाई, चाचणी चालू आहे, गुण जातील.”

“जाऊ देत.” आणि तिचे दोन्ही हात धरून बाईंनी तिला खरी बातमी सांगितली.

दुसऱ्याच दिवशी बाईंना नोटीस मिळाली: विद्यार्थिनीला मानसिक इजा पोहोचवल्याबद्दल. खुलासा द्या. त्यांनी तो एका ओळीत दिला, ‘मी तिला खरी बातमी सांगितली’, आणि चालू घडामोडींचा तास त्यांच्याकडून काढून घेण्यात आला.

इफ्फत महिन्याभराने शाळेत आली. जनाजा झालाच नव्हता. दफन करायला समुद्राने काही परत दिलं नव्हतं. मधल्या सुट्टीत ती शिक्षकखोलीच्या दारात येऊन उभी राहिली.

“ये ना आत,” बाई म्हणाल्या.

ती आत आली नाही. रागावलेलीही दिसत नव्हती.

“बाई, वर्षभर मी अशीच उत्तरं दिली. खाण कोसळली, सर्व सुखरूप. धरण फुटलं, सर्व सुखरूप. निर्वासितांची बोट उलटली, सर्व सुखरूप. पैकीच्या पैकी गुण मिळाले मला. त्यांतलं खरंच कोण वाचलं होतं, बाई?”