वॉशरपुढची टिक

"गाडी बंद करा! आधी बंद करा!"

मुंबई नाक्याच्या सिग्नलला हेल्मेट घातलेला एक माणूस आमच्या जुन्या फियाटची काच बडवत होता. गाडी चालवणारे अण्णा भडकले, मीही भडकले. भांडायचं असेल तर आम्ही बापलेक कधी मागे राहत नाही. अण्णांनी काच खाली करताच त्यानं सरळ आत हात घालून किल्ली फिरवली, बॉनेट उघडलं आणि मला बोलावलं. कार्बोरेटरमधून पेट्रोल ठिबकत होतं, आणि खालीच सायलेन्सरचा तापलेला पाइप.

"अजून दोन सिग्नल पुढे गेला असतात, तर..." हेल्मेट काढत तो म्हणाला. पुढचं त्यानं गिळलं. डोळे मात्र... जाऊ दे. मरता मरता वाचल्यावर कुणी असलं काही बघत नाही, पण मी बघितलं.

त्याचं नाव जीवन. सातपूरला त्याचं जुन्या गाड्यांचं गॅरेज होतं.

"कार्बोरेटर परवाच मी स्वतः खोललाय," अण्णा त्याला सुनावत होते. "चौतीस वर्षं ओझरच्या कारखान्यात विमानांचे पार्ट तपासलेत. माझ्या हातून चूक होत नसते."

"हो काका," तो म्हणाला, आणि गॅरेजवरून जीप मागवून आमची गाडी टोचन करून, ओढत घेऊन गेला.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी एकटीच गॅरेजवर गेले.

"लांब उभ्या राहा मॅडम, साडीवर पेट्रोल उडेल."

"लांबून दिसत नाही."

"काय?"

"...कार्बोरेटर."

तो हसला. विज्ञान शिकवणाऱ्या बाईला याहून बरं उत्तर सुचू नये!

त्यानं फ्लोट, म्हणजे पेट्रोलवर तरंगणारी छोटी पितळी डबी, गरम पाण्यात बुडवला. भोक असतं तर बुडबुडे आले असते. आम्ही डोक्याला डोकं लावून बघत राहिलो... एकही आला नाही. मग पेट्रोल अडवणारी निडल खोलून त्यानं फुंकून बघितली. तीही ठीक होती. पण ती जिथे बसते तिथे बोट फिरवताना त्याचा चेहरा उतरला.

"इथे वॉशर पाहिजे. टाकलेलाच नाही. म्हणून पेट्रोल थांबत नाही, वर चढून सांडतं."

अण्णांची यादी डॅशबोर्डच्या खणात होती. ही त्यांची कारखान्यातली सवय. एकेक पार्ट बसवला की त्याच्यापुढे टिक करायची, आणि शेवटी सही. वॉशरपुढे टिक होती. एक नाही, तीन.

मी पुन्हा मोजल्या. दूध दोनदा आणणं, आई जाऊन सहा वर्षं झाली तरी तिला चहासाठी हाक मारणं... महिनाभर मी हे सगळं बघत होते आणि वयाच्या नावावर खपवत होते.

"त्यांना सांगू नका," मी म्हणाले. "पार्टचं किट डुप्लिकेट निघालं म्हणा. प्लीज."

"म्हणतो. आणि उद्या काकांनी ब्रेक खोलले तर? शेजारी तुम्ही बसलेल्या असणार, योगिनी."

माझं नाव त्यानं पहिल्यांदा घेतलं, आणि तेही अशा वेळी! मला त्याचा भयंकर राग आला.

संध्याकाळी अण्णा आले. यादी आणि खोललेला कार्बोरेटर त्यांच्यापुढे ठेवून जीवन एवढंच म्हणाला, "काका, तुम्ही तपासा."

अण्णांनी चष्मा लावला. बोट फिरवलं. यादी वाचली, पुन्हा वाचली. मग खिशातलं पेन काढून आपल्याच सहीवर आडवी रेघ मारली आणि शेजारी लिहिलं — नापास. गाडीची आपल्याजवळची किल्ली टेबलावर ठेवून ते बाहेर जाऊन उभे राहिले. मी जवळ गेले तर त्यांनी तोंड फिरवलं.

गाडी दोन दिवसांत दुरुस्त झाली. अण्णांचं विसरणं आता वाढतच जाणार, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं.

जीवन दर रविवारी यायला लागला. तो गाडी चालवायचा, अण्णा त्याच्या शेजारी, मी मागे. गंगापूर धरणापर्यंत जायचं आणि परत यायचं.

"हा कोण गं?" अण्णा दर वेळी मागे वळून विचारायचे.

"मेकॅनिक," मी पहिल्यांदा म्हणाले. काही रविवारांनी, "जीवन." मग, "मित्र..." आरशातून दोन डोळे माझ्या उत्तराची वाट बघायचे, आणि मी उगाच बाहेरच्या द्राक्षबागा बघायची.

दिवाळीनंतरच्या एका रविवारी अण्णा मागे वळले. माझ्याकडे बराच वेळ बघत राहिले. "बाई," ते म्हणाले, "हा कोण?"

बाई! त्यांना माझं नाव आठवत नव्हतं.

"माझं ह्याच्यावर प्रेम आहे, अण्णा."

गाडी हळू झाली.

"त्याला सांगितलंत का?" अण्णांनी विचारलं.

"आत्ताच सांगितलं."

जीवननं गाडी कडेला घेतली. हात मागे केला. नखांत काळं ग्रीस होतं. मी तो हात दोन्ही हातांत धरला. अण्णा आमच्याकडे बघून हसले, अगदी पूर्वीसारखे.

धरण दिसायला लागलं, तोवर ते पुन्हा मागे वळले होते.

"बाई, हा कोण?"

मी पुन्हा सांगितलं.