तीन अंकांत उघडलेलं दार

खरं सांगितलं की कुणाचा विश्वास बसत नाही, हा माझा जन्माचा शाप आहे. याच्यावरही बसणार नाही. तू तरी बस, पोरी. चाळिशीची असशील, पण माझ्या वयाला सगळ्या पोरीच. डबा ठेव त्या स्टुलावर. तुझ्या कागदावर माझ्यापुढं लिहिलंय ना, ‘अंथरुणाला खिळलेले’? मग कालचा डबा धुतला नाही म्हणून तोंड वाकडं करू नकोस. नळ पाच पावलांवर आहे आणि पाय केव्हाचे रजेवर गेलेत. त्याबदल्यात गोष्ट ऐक. तुझ्याआधी या भागात जी ताई फुकटचे डबे वाटायची, तिच्या हातात बेड्या पडायच्या राहिल्या, त्या दुपारची.

तिसरा मजला. समोरासमोर दोन दारं. एकात म्हातारा सुतारकाका, दुसऱ्यात म्हातारा घड्याळजी. दोघंही एकटे, दोघांनाही रोज डबा.

त्या दुपारी ताईला उशीर झाला होता. सुतारकाकांचं दार वाजवून ती सवयीनं मनात मोजू लागली, तर त्यांनी तीन अंकांत दार उघडलं, ओल्या हातांनीच डबा घेतला. चला, तेवढाच वेळ वाचला, असं म्हणत ती समोरच्या दाराकडे वळली. वाजवलं. उत्तर नाही. पुन्हा वाजवलं. मग ढकललं.

पाऊल आत पडलं ते रक्तात.

घड्याळजी पालथा पडला होता. माथा आत गेला होता, कलिंगडावर टाच द्यावी तसा. शेजारी त्याचीच ऐरण, तीन किलोची, केसांसकट. भिंतीवरची बावीस घड्याळं टिकटिकत होती आणि सगळ्यात वरच्या, छताजवळच्या घड्याळाच्या काचेवरून एक थेंब खाली ओघळत होता. ताईनं गुडघे टेकून नाडी बघितली. हात अजून गरम होता. मग ती किंचाळली.

इन्स्पेक्टर आला तो घामाघूम. इमारतीला लिफ्ट नव्हती, आणि साहेबांचं पोट साहेबांच्या आधी पोचायचं.

“किती वाजता आलात?”

“बारा वाजून दहा.”

“डबा दाराशी ठेवून गेला का नाहीत?”

“आमच्यात चालत नाही, साहेब. माणसाचं तोंड बघायचं, दोन शब्द बोलायचे, कालचा रिकामा डबा घ्यायचा. मगच पुढं.”

“थांबलात किती?”

“यांचं दार बाराला उघडतं. पन्नास मोजले, मग ढकललं.”

“बाराला म्हणजे?”

“बारा अंकांत. प्रत्येक म्हाताऱ्याचं दार किती अंकांत उघडतं ते आम्हाला पाठ असतं. जास्त झाले की समजायचं, पडलेत.”

साहेबांनी वहीत काही लिहिलं नाही. त्यांचं लक्ष तिच्या लाल तळव्यांकडे होतं.

तळाशी जिना झाडणारी बाई सकाळपासून पायरीवर बसली होती. तिला विचारलं.

“कोण कोण वर गेलं?”

“या डबेवाल्या ताई. बस्स.”

“घड्याळजीचा पुतण्या येतो म्हणतात?”

“काल आला होता की. ‘काका, तुम्ही मरा एकदाचे, खोली तरी मोकळी होईल,’ म्हणून बोंबलून गेला. आज नाही.”

खालच्या दोन्ही मजल्यांवर गोदामं, कुलूपबंद. गच्चीच्या दाराला आतून गंजकं कुलूप. म्हणजे वर माणसं तीनच. एक मेलेला. एक सुतारकाका, चाकाच्या खुर्चीत, मांडीवर चादर, चार वर्षांपासून पाय गेलेले, गालफडं बसलेली. घड्याळजीच्या दाराला वीतभर उंच उंबरठा. खुर्ची त्यावरून जाईल तर शपथ. आणि तिसरी ताई.

“मी काही ऐकलं नाही, साहेब,” सुतारकाका म्हणाले. “हात धुऊन जेवायला बसणार, तेवढ्यात ताईंनी दार वाजवलं. मग त्यांची किंकाळीच.”

“जा आत, काका. दार लावून घ्या. बघू नका हे.”

डॉक्टर म्हणाला, घाव वरून बसलाय, मारणारा उभा होता. झालं! साहेबांचं ‘तुम्ही’ तिथल्या तिथं ‘तू’ झालं.

“रोज ओझं घेऊन तीन मजले चढतेस. दंडात जोर असणार तुझ्या.”

“साहेब, खाली गाडीत एकतीस डबे निवतायत. एकतीस माणसं दाराकडे कान लावून बसलीत. वाटून येते, मग न्या.”

“आधी बेड्या, मग डबे.”

बेड्या निघाल्या. आपण आत गेलो तर उद्याचे डबे कोण वाटणार, पडलेला माणूस कोण उचलणार? मान फिरवली तर नजर मोरीवरच्या फळीवर गेली. तिथं दोन रिकामे डबे पालथे घातलेले. एक पिवळ्या झाकणाचा, घड्याळजीचा. दुसरा हिरव्या झाकणाचा, सुतारकाकांचा. यात नवल नव्हतं. घड्याळजी सहा महिने सांगत होता, “बिचाऱ्याला नळ लांब पडतो, मीच धुतो त्याचा डबा.” आणि ताई मनातल्या मनात त्याला पुण्यवान म्हणत होती.

डॉक्टरनं आता उताणा केलेल्या त्या पुण्यवानाकडे तिनं बघितलं. पोट सुटलेलं. कमरेच्या पट्ट्याला शेवटच्या भोकापलीकडे खिळ्यानं पाडलेली आणखी दोन ताजी भोकं.

“साहेब,” ती म्हणाली, “बेड्या घाला खुशाल. त्याआधी एक दार वाजवू द्या. तुम्ही फक्त मोजा.”

साहेबांना वाटलं, बाईचं डोकं फिरलं. पण बावीस घड्याळं समोर असताना मोजायला काय जातंय? ताईनं सुतारकाकांचं दार वाजवलं. आत चाक कुरकुरलं. टेबलाला धडकलं. मागं सरलं. पुन्हा कुरकुरलं. कडी चाचपडली. दार उघडलं.

“एक्केचाळीस,” साहेब म्हणाले.

“रोज चाळीस लागतात. चार वर्षांत कमी नाहीत. आज दुपारी तीन लागले.”

सुतारकाका हसले. “दाराजवळच होतो की, बाई.”

“हात ओले होते तुमचे, काका. थेंब गळत होते माझ्या डब्यावर. तुमचा नळ मागच्या भिंतीला आहे. हात धुऊन माणूस तिथून खुर्चीवर तीन अंकांत येत नाही. पायांवर येतो. तुम्ही धावत आलात, दारामागं खुर्चीत बसलात आणि कडी काढली. उघडलं नसतं तर मी ओरडले असते, आणि रक्ताचे हात घेऊन सापडला असता.”

“आणि मारलं कशासाठी?” साहेबांनी विचारलं. “शेजारी डबे धुऊन द्यायचा यांचे!”

“धुऊन द्यायचा, कारण खायचाही तोच. आमच्या ऑफिसचा कायदा असा, की चालता येतं त्यानं हॉलवर येऊन जेवायचं. घरी डबा फक्त ज्याला जिना उतरत नाही त्याला. खोटं सांगितलेलं सापडलं की नाव दोन्हीकडून कट. घड्याळजीनं काकांना चालताना बघितलं असणार. तेव्हापासून एकाच्या पट्ट्याला भोकं वाढली आणि दुसऱ्याची गालफडं बसली. मी रोज दोघांचं तोंड बघत होते, साहेब, आणि आंधळी ती आंधळीच. आता माझं बघा. मी पाच फूट. घड्याळजी सहा. वरच्या घड्याळावर रक्त उडालंय, म्हणजे तो उभा होता. उभ्या घड्याळजीच्या माथ्यावर घाव घालायला मला स्टूल लागलं असतं!”

साहेबांनी मिशी चावली. “अंकांवर कोर्ट शिक्षा देत नाही, बाई. पुरावा?”

घड्याळजीचा डबा अजून ताईच्या हातात होता. वरच्या पुडात सूप, कापडात गुंडाळलेलं म्हणून अजून कढत. अकरा वर्षांत तिनं कुणाच्या घरी थेंब सांडला नव्हता. तिनं झाकण काढलं आणि सगळं सूप सुतारकाकांच्या मांडीवर ओतलं.

गेलेल्या पायांना चटका बसत नाही. हे पाय आढ्याला लागले!

खुर्ची उलटली. सुतार उभा राहिला तर साडेसहा फूट, डोकं चौकटीला. चादरीखालून पटाशी निघाली, लाकूड तासायची, वस्तऱ्यासारखी. पहिल्या वारात साहेबांचा हात कोपरापासून मनगटापर्यंत उसवला. दुसरा वार दारात रुतला. “सहा महिने!” सुतार ओरडत होता. “आधी गोड मागायचा, मग अर्धा डबा, मग सगळा! माझ्यासमोर बसून, बोटं चाटून! ‘कळवू का ऑफिसात?’ म्हणायचा. आज पाया पडलो त्याच्या. हसला मेला!”

पटाशी उपसून तो ताईवर धावला. ताईच्या दुसऱ्या हातात गाडीत न मावलेल्या डब्यांची पिशवी होती, चार भरलेले डबे, स्टीलचे. तिनं ती गरकन फिरवली आणि त्याच्या जबड्यावर हाणली. काडकन आवाज झाला. सात दात उडाले, एक तर घड्याळात शिरला आणि ते घड्याळ बंद पडलं. सुतार पडला तो घड्याळजीच्याच उंबरठ्यावर. साहेबांनी रक्ताळलेल्या हातानं बेड्या घातल्या, त्याला. भिंतीला टेकून साहेब म्हणाले, “बाई, जा. तुमचे डबे निवतायत.” आणि ताईनं चार वाजेपर्यंत उरलेले सगळे डबे पोचवले, ब्लाउजवर दोन माणसांचं रक्त घेऊन.

काय? विश्वास बसत नाही? म्हटलंच होतं.

“बाकीचं एक वेळ पटेल, आजोबा. पण चार वर्षं खुर्चीत बसलेला माणूस असा एकदम उठेल कसा? पाय लटपटणार नाहीत?”

अगं, कसला लटपटतोय! रात्री गुपचूप फेऱ्या मारायचा तो, म्हणून पाय शाबूत. उठला कसा म्हणजे? असा! हा उजवा गुडघा, हा डावा, पाठ ताठ, एका झटक्यात. पटाशी अशी डोक्यावर, आणि दोन ढांगांत या इथवर, ताईच्या अंगावर—

“आजोबा.”

मध्ये बोलू नकोस, आता खरी गंमत—

“आजोबा, कागदावर अंथरुणाला खिळलेले आहात. आणि मी तीनसुद्धा मोजले नव्हते. आता नळापाशी आलाच आहात, तर कालचा डबा तेवढा धुऊन द्या.”